मडकं अजून चालतंय

मेलेल्याचा दिवस घालायचा तर आधी माणूस मेलेला पाहिजे, एवढंच काळीचं म्हणणं होतं. आणि ते ती सकाळपासून कुडाच्या भिंतीआडून अख्ख्या पाड्याला ऐकवत होती.

"माझा पोऱ्या मेला नाय! पेंढा जाळा, नायतर घर जाळा. मी बाहेर यायची नाय!"

अंगणात तिचा नवरा शुक्रा पेंढ्याचा माणूस बांधत बसला होता. हात चालत होते, मान वर होत नव्हती. समुद्रात गेलेल्याचं अंग मिळत नाही, तेव्हा पाड्याची रीत अशी: पेंढ्याचा माणूस बांधायचा, त्याला गेलेल्याचा सदरा घालायचा, बापाने पाण्याचं नवं मडकं खांद्यावर घेऊन त्याच्याभोवती फिरायचं आणि मागे न बघता सोडून द्यायचं. मडकं फुटलं की माणूस संपला. त्यानंतर तो स्वतःच्या पायांनी चालत आला तरी म्हातारी माणसं दार लावून घेतात. तो माणूस नाही, भूत.

पेंढ्याला निळा सदरा चढला तेव्हा शुक्राची पोरगी संगिता घरामागच्या ताडाखाली मोबाइल घेऊन उभी होती. पाड्यात रेंज तिथेच यायची. निळा सदरा मनिषचा, तिच्या मोठ्या भावाचा. बोटीवर खराब होईल म्हणून तो घरी ठेवून गेला होता.

अंगणात प्लास्टिकची खुर्ची एकच, आणि तिच्यात अमृत मुकादम. अमृत आपल्यातलाच, तलासरीकडचा. गणपती गेले की पाड्यापाड्यातून पोरं गोळा करायची, जीपमध्ये कोंबायची आणि गुजरातेत काठेवाडच्या बोटींवर खलाशी म्हणून पोचवायची, हा त्याचा धंदा. मनिषला त्यानेच नेलं. मनिष लाटेने वाहून गेला ही बातमीही त्यानेच आणली. आज तो दुःखात बसायला आला होता. पण दुःखात बसणारा माणूस पेंढ्याकडे तोंड करून बसतो. अमृतची खुर्ची रस्त्याकडे तोंड करून होती.

"मुकादम, जरा सरका," चैत्या भगत म्हणाला. "सावली देवाला लागते."

"देवाला सांगा, मीपण माणूस हाय," अमृत म्हणाला, आणि सरकला नाही.

संगिताला कालपासून दोन गोष्टी माहीत होत्या. एक, मनिष जिवंत आहे. दुसरी, ते अमृतला कळलं तर तो जिवंत राहणार नाही.

पहिली गोष्ट तिला एका मडक्याने सांगितली.

अस्तभूमी नावाचा मोबाइलवरचा खेळ. डहाणू, मसोली, आशागड, कुठल्याही नाक्यावर चार पोरं माना खाली घालून बसलेली दिसली की समजायचं, तीच चाललीय. त्यात शिरताना आधी जात निवडावी लागते. तिथेही सुटका नाही. माणसं आहेत, पंखवाले आहेत, लांडग्याच्या तोंडाचे आहेत. आणि सगळ्यात शेवटी, कुणी बोट लावत नाही अशा कोपऱ्यात, घटवंशी. जिवंत मडकी. माणसाच्या उंचीची, भाजल्या मातीची, आखूड हातपायांची. तोंड नाही, डोळे नाहीत, वर नुसतं झाकण. लढाईत कुणी पडलं की ही मडकी त्याला उचलतात, पोटात घेतात आणि वाहत राहतात, कुणी उघड्यावर पडून राहू नये म्हणून. बाकीच्या जाती त्यांना दिसतील तिथे फोडतात, कारण मेलेल्याबरोबर त्याची तलवार, त्याचं सोनंही मडक्याच्या पोटात असतं. खेळ बनवणाऱ्यांनी मडक्यांना बोलणं दिलेलं नाही. बाकीचे एकमेकांना लिहितात; मडक्याला लिहिता येत नाही आणि दुसऱ्याने लिहिलेलं दिसतही नाही. खुणा आहेत पाच: बसायचं, डोलायचं, पोट वाजवायचं, हात दाखवायचा आणि पालथं व्हायचं. पालथं झालं की पोटातलं सगळं सांडतं आणि मडकं मरतं. एकदा मेलं की मेलं. नवं हवं तर समुद्रापारच्या भट्टीत जन्मायचं आणि तिथून पुन्हा चालत यायचं. अर्धा पावसाळा जातो त्यात.

मनिषने मडकं निवडलं तेव्हा सगळे हसले होते. "अरे, फोडतील ना तुला!"

"फोडूदे," मनिष म्हणाला होता. "इथं काय आरती ओवाळतात काय?"

मग संगितानेही मडकंच घेतलं. दोघांनी आपापल्या पोटावर बोटाने चित्रं काढली. तिने मोर काढला. त्याने विंचू काढला आणि त्याची नांगी चुकीच्या बाजूला वळवली. ती हसली तरी बदलली नाही. मडक्यांच्या गावात, घटवाडीत, वेशीजवळचं पहिलं घर त्यांनी आपलं ठरवलं. मनिष बंदरात आला, रेंज मिळाली की तिथे यायचा. संगिता डहाणूच्या फुग्याच्या कंपनीत होती. जेवणाच्या सुट्टीत अंगावरची पांढरी पावडर झटकून ती मोबाइल उघडायची आणि दोन मडकी त्या दारात डोलत बसायची. बोलणं नाही काही. पण तो आहे, एवढं कळायचं.

न चालवलेलं मडकं सुकतं, भेगाळतं, त्याची माती होते. काल ती भावाची माती बघायला म्हणून घटवाडीत गेली होती. तिथे दाराच्या डाव्या अंगाला, पाय सोडून, वाकड्या नांगीचा विंचू बसला होता.

मनिष घरीही तिथेच बसायचा. डावीकडे, पाय सोडून.

ती कंपनीतून अर्ध्या दिवसाचा खाडा टाकून धावत घरी आली आणि आनंदाच्या भरात आईला मोबाइल दाखवला. हीच तिची चूक. काळीच्या पोटात काही राहत नाही. सुख असो, दुःख असो, आधी तोंडावर येतं, मग तोंडातून येतं.

दुसरी गोष्ट संध्याकाळी मिथुनने सांगितली. मिथुन मनिषच्याच बोटीवरचा, चार दिवसांची सुट्टी म्हणून आलेला. आशागडच्या चिकूच्या वाडीत, झाडाच्या बुंध्याशी टेकून तो बोलला आणि बोलताना सारखा मागे बघत होता.

"आमच्या बोटीवरचा चिमण, त्याला लाटेने नाय नेलं. जाळ्यात पाय अडकला, दोरीला लटकत होता. जाळं महाग. बोट चालवणाऱ्या तांडेलने दोरी कापली."

"कापली म्हणजे?"

"कापली म्हणजे कापली, संगी! कोयत्याने. चिमण ओरडत होता. बोट फिरवली नाय. मनिष तांडेलच्या अंगावर गेला. म्हणाला, बंदरात उतरल्या उतरल्या पोलिसात सांगणार. त्या राती बंदराच्या तोंडाशी तो गायब. एक रिकामा डबापण गायब, डिझेलचा, धरून तरंगता येतो असा. आता तूच समज."

"मग लाट?"

"लाट तांडेलच्या तोंडातली. दोघं एकाच लाटेत गेले म्हणतो. पण त्याची झोप उडालीय. मनिष घरी पोचला का, एवढंच बघायला अमृतला लावलंय. फाट्यावर जीप उभी हाय, आत दोन माणसं. गुजराती बोलतात. खलाशी वाटत नाहीत." आणि जाताना म्हणाला, "माझं नाव घेतलंस तर मला पण लाट येईल."

पोलिसात का नाही गेले, असं विचारणारे विचारोत. बोट एका राज्यातली, माणूस दुसऱ्या राज्यातला, मरण समुद्रातलं; ह्या टेबलावरून त्या टेबलावर जाईपर्यंत साक्षीदार उरत नाही. मनिष हाच साक्षीदार होता. तो पहिल्यांदा हाताला लागला पाहिजे तो वकिलाच्या, नाहीतर चार धडधाकट माणसांच्या. अमृतच्या नाही.

आणि मनिष घरी येत होता.

सकाळपासून विंचवाचं मडकं अधूनमधून यायचं आणि तेच ते करायचं. वेशीबाहेर जायचं. मावळतीकडे हात दाखवायचा. मग चालत वेशीतून आत यायचं, पहिल्या घराच्या दाराकडे हात दाखवायचा, बसायचं. परत उठायचं, परत बाहेर. तिसऱ्यांदा बघितल्यावर तिच्या डोक्यात उजेड पडला. सूर्य मावळताना येतो. घरी.

त्याच्याकडे तिचा नंबर नव्हता. मोबाइल बोटीवर राहिलेला, आणि नंबर कुणाला पाठ असतात आता? पासवर्ड मात्र पाठ. कुठल्या तरी ढाब्यावर, कुणाच्या तरी मोबाइलवर पाच-दहा मिनिटं मागून तो एवढंच सांगत होता: जेवायला थांबा. आणि ज्या रस्त्याने तो येणार, त्या रस्त्याकडे तोंड करून अमृत खुर्ची टाकून बसला होता.

संगिताने तिचं मडकं दारात आडवं उभं केलं. विंचवाने खांद्याने ढकललं. तिने बाहेर हात दाखवला: जा. त्यानेही बाहेर हात दाखवला, मग मावळतीकडे, मग दाराकडे, आणि डोलायला लागला. तिने पोट वाजवलं, जोरजोरात, सारखं. त्याने ताल धरला. नाचतच सुटला येडा.

"अरे ए दादा," ती तोंडातल्या तोंडात म्हणाली, "कधीतरी समज ना रे."

मोबाइल खिशात टाकून ती मागच्या दाराने आत गेली. काळी चुलीच्या बाजूला बसली होती, केस सुटलेले.

"आये, हळू. अंगणात लोक हायेत."

"लोकांनाच ऐकवते. तू दाव ना त्या अमृत्याला! मडकं चालतंय म्हणून सांग."

"चोरला असेल मोबाइल कोणी. चोर खेळत असेल."

काळीने तिच्याकडे असं बघितलं की संगिताने नजर खाली घातली. "चोर डाव्या अंगाला बसतो? पाय सोडून? मी जन्म दिलाय त्याला, तू नाय."

आता सांगावं, असं तिला वाटलं. कानाशी जाऊन, आये, तो येतोय आणि हे त्याला मारतील. ओठावर आलंही. पण काळीचा चेहरा समोर होता. त्या चेहऱ्यावर पाऊस यायच्या आधी ढग दिसतो. सांगितलं तर ती गप्प बसेल, अगदी दातावर दात दाबून गप्प बसेल, आणि अमृत त्या गप्प बसण्यातच सगळं वाचेल. रडणारी आई खोटी असेल तर मुकादमाला कळायला वेळ लागत नाही. पाड्यातल्या आया रडवण्यातच त्याची उमर गेलीय.

"बरं," संगिता म्हणाली. "पण ओरडू नको."

तिने असं म्हणायला नको होतं. काळी उठली, कुडाच्या फटीला तोंड लावलं आणि पोटातून ओरडली:

"मडकं चालतंय माझ्या पोराचं! विचारा संगीला! तिच्या मोबाइलमध्ये चालतंय! काल बघितलं मी!"

अंगणातली कुजबूज बंद झाली.

"कुठलं मडकं?" चैत्या भगताचा आवाज. "शुक्रा, मडकं तर अजून इथं हाय."

प्लास्टिकची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

संगिता ताडाखाली पोचली आणि मोबाइल हातात घेतला तोवर अमृत घराला वळसा घालून आलाच. त्याच्या चपला वाजत नव्हत्या.

"काय गं बाय, भावाचा दिवस आणि तू मोबाइल घेऊन उभी?"

तिने मोबाइल लपवला नाही. लपवला असता तर तिथेच संपलं असतं.

"आत ऐकवत नाय, काका. आई सकाळपासून तेच तेच."

"दाव बघू." मागितल्यासारखं बोलला आणि घेतलासुद्धा. पडद्यावर घटवाडीचं दार, दारात मोराचं मडकं, त्याच्यासमोर विंचवाचं मडकं डोलतंय. अमृत हसला. "हात्तिच्या! मडकी! आमचा पोऱ्या पण खेळतो. लांडगा हाय तो. संध्याकाळी घरी आलो की सांगतो, पप्पा, आज एवढी मडकी फोडली." हसू तोंडावर तसंच ठेवून तो म्हणाला, "मनिष पण हाच खेळायचा ना? तांडेल सांगत होता, अख्ख्या बोटीला नाद लावलेला."

"खेळायचा."

"मग ह्यातलं त्याचं कुठलं?"

ताडावर सुगरणीचं घरटं वाऱ्याने हलत होतं. संगिता त्याच्याकडे बघत राहिली, कारण पडद्याकडे बघितलं असतं तर डोळे विंचवावर गेले असते.

"त्याचं माती झालं. माणूस चालवत नसला की मडक्याची माती होते. तुमच्या पोऱ्याला विचारा."

"आणि आई म्हणते चालतंय."

"आईला सगळी मडकी सारखी. माझं बघितलं काल. हे, मोराचं. आणि बसली, मनिषचं म्हणून."

अमृतने मोबाइल डोळ्याजवळ नेला. त्याला घाई नव्हती. विंचू डोलायचा थांबला होता. त्याने मावळतीकडे हात दाखवला. मग दाराकडे.

"हे दुसरं कोणाचं?"

"कोणाचं तरी. लाखो लोक खेळतात, काका."

"लाखो लोक खेळतात आणि हे तुझ्याच दारात हात दावतंय." त्याने अंगठ्याने पडदा घासला, पुसल्यासारखा. "असं कर. फोड त्याला."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? खेळ हाय ना? फोडायचीच असतात ना मडकी?" आवाज गोडच होता. "का तुझ्या ओळखीचं हाय?"

ती हो म्हणाली तर मनिष मेला. नाही म्हणून फोडलं, तर मडकं तेवढं मरेल, पण मनिषला काय कळणार? बहिणीचा हात घसरला म्हणेल, किंवा बहीण चिडलीय म्हणेल, आणि सूर्य कलला की त्याच रस्त्याने चालत येईल, फाट्यावरच्या जीपजवळून. मोबाइल काढून पळावं तर अमृतला उत्तर मिळालंच. पाच खुणा. चार वापरून झाल्या होत्या.

पाचवी तिने आजवर कधी दाबली नव्हती. कोण दाबतं?

आणि तेव्हा तिला लहानपणीचा उंबरा आठवला. तिला कांजिण्या आल्या होत्या, अंगभर फोड. काळीने दारात उंबऱ्यावर रिकामं मडकं पालथं घातलं. पाड्यात दाराशी मडकं पालथं दिसलं की कुणी आत जात नाही. आत आजार आहे, आत यायचं ते मरायला. मनिष शाळेतून आला, मडकं बघितलं, दप्तरासकट मागे फिरला. समोरच्या आंब्याखाली बसून राहिला, मडकं उचलेपर्यंत तिथेच जेवला, तिथेच झोपला. उंबऱ्याला पाय लावला नाही. कुणी सांगावंही लागलं नाही त्याला.

"द्या इकडे," संगिता म्हणाली. "त्याला फोडून काय होणार? आई ह्यालाच मनिष समजते, माझ्या मोराला. हेच संपवते. मेलेलं बघितलं की बाहेर तरी येईल ती."

अमृत तिच्याकडे बघत होता. "स्वतःचं?"

"खेळच हाय ना, काका?"

त्याने मोबाइल पुढे केला, पण सोडला नाही. दोघांच्या हातात तो होता, आणि तिने बोटाने मोराच्या मडक्याला दाराच्या मधोमध, बरोब्बर उंबऱ्यावर नेलं. विंचू आत यायला पुढे सरकला होता. तिने पाचवी खूण दाबली.

मडकं वाकलं. झाकण घरंगळलं. मग ते हळूहळू, जसं कुणी धरून ठेवावं तसं, तोंडावर उलटं झालं आणि पोटातले सगळे बाहेर आले. तिने वर्षभर उचललेले, कुठल्या कुठल्या लढाईतले, नावं नसलेले. तलवारी वाजल्या. उंबऱ्यावर मडकं पालथं पडलं, आणि मग मधोमध तडकलं.

विंचू जागच्या जागी थांबला.

"झालं?" अमृत म्हणाला.

"झालं."

"मग हे का हलत नाय?"

विंचू हलत नव्हता. एक पाय उंबऱ्याच्या अलीकडे उचललेला, तसाच. समज ना, दादा. समज. तो पाय खाली आला, पण मागे. मग तो खाली वाकला. एकेक तुकडा उचलून पोटात टाकायला लागला. मोराची मान, मोराचा पिसारा. सांडलेले सगळे. तलवारींना हात लावला नाही.

"हे काय करतंय?"

"उचलतंय. पडलेल्यांना उचलतात मडकी. तेवढंच काम त्यांचं."

"बिनडोक जात," अमृत म्हणाला. "सोनं पडलंय समोर आणि खापऱ्या गोळा करतंय."

विंचू उठला. दाराकडे बघितलं नाही, हातही दाखवला नाही. मावळतीकडेही गेला नाही. वेशीतून बाहेर पडून उजवीकडे, डोंगराकडे चालायला लागला; जड झाल्यासारखा, सावकाश. मग पडदा काळा झाला, त्यावर खापऱ्यांचं चित्र आलं आणि खाली अक्षरं आली की तुमचा घटवंशी मृत झाला आहे.

आता तिच्याकडे त्याला गाठायचा एकही रस्ता नव्हता. नवं मडकं समुद्रापार जन्मेल आणि तिथून चालत येईल तोवर काय काय होऊन जाईल.

"चल," अमृत म्हणाला. "दाखव आईला."

तो मागोमाग आला. आत आला, चपलांसकट. संगिताने काळीसमोर मोबाइल धरला. खापऱ्या आणि राख यांचं चित्र होतं, काळीला वाचता येत नव्हतं.

"बघ, आये. फुटलं. मनिषचं मडकं फुटलं."

"खोटं बोलते."

"बघ ना. तुझ्यासमोर हाय. मेला तो." आवाज फुटला, तो खरा फुटला. "मेला, आये! दिवस घाल त्याचा."

काळीने चित्राकडे बघितलं. मग तिने संगिताच्या तोंडात मारली, सगळ्या ताकदीने, अशी की संगिताचं डोकं कुडावर आदळून माती झडली. आणि तिथेच खाली बसून तिने जो हंबरडा फोडला तो ऐकून अंगणात शुक्राच्या हातातला पेंढा सुटला.

अमृत दारात उभा राहून काळीकडे बघत होता. बाजारात बैल बघतात तसा. दात, डोळे, श्वास. त्याला काय हवं होतं ते त्याला मिळालं. खांदे सैल झाले त्याचे.

मग सगळं भराभर झालं. बायका काळीला धरून बाहेर घेऊन आल्या. चैत्या भगताने तोंडातल्या तोंडात मनिषचं, बापाचं, आज्याचं नाव घेतलं. शुक्राने मडकं खांद्यावर घेतलं, पेंढ्याभोवती फिरला, पाणी त्याच्या पाठीवरून ओघळत होतं. संगिता बघत होती. मडकं खाली पडायच्या आधी तिचे हात आपोआप पुढे झाले, झेलायला. तिने ते मागे घेतले.

मडकं फुटलं. निळ्या सदऱ्याला आग लागली.

अमृतने रस्त्याच्या कडेला जाऊन फोन लावला. लांब होता, पण तो फोनवर नेहमी ओरडूनच बोलायचा. "हां शेठ, थयु. नाय, घेर नथी आव्यो. मां ने जोई ने में. हां. हां, पक्का." काम झालं, पोरगा घरी आलेला नाही, आईला आपण बघितलं, एवढं बोटीच्या मालकाला सांगून तो अंगणात आला, शुक्राच्या खांद्यावर हात ठेवला, काही लागलं तर सांग म्हणाला. स्वतः निघाला, पण आपल्या गाडीच्या ड्रायव्हरला ठेवून गेला. "भांडीकुंडी उचलायला मदत करेल. सकाळी येऊन घेऊन जातो त्याला."

ड्रायव्हर अमृतच्याच खुर्चीत बसला. खुर्चीचं तोंड होतं तसंच राहिलं.

सूर्य चिकूच्या वाड्यांमागे गेला. रस्त्यावर, वळणाजवळ, कुणीतरी येत होतं. डोक्यावर काही होतं, चाल दमलेली. ड्रायव्हर उठून उभा राहिला आणि खिशात हात घातला. संगिताच्या हातातली परात तिरकी झाली. माणूस जवळ आला. नवशी होती, शेजारची, सरपणाचा भारा घेऊन. आज दिवस असूनही गेली होती, कारण तिच्या घरी चुलीला काही नव्हतं.

"काय रे, भूत बघितलंस काय?" नवशी ड्रायव्हरला म्हणाली.

तो बसला. अंधार पडला. रस्त्यावरून नंतर कुणीच आलं नाही.

काळी ओट्यावर बसली होती. आवाज बसला होता, तरी रडणं थांबत नव्हतं. छाती तेवढी हलत होती. संगिता पाण्याचा तांब्या घेऊन तिच्याजवळ गेली, खाली बसली. तोंड तिच्या कानाजवळ नेलं. आईच्या केसांना राखेचा वास येत होता. दोन शब्द सांगायचे होते, एवढेच. मागे खुर्ची करकरली.

"बाय, चहा हाय का अजून?" ड्रायव्हर म्हणाला. तो दोन हातांवर होता.

संगिताने तोंड मिटलं आणि तांब्या पुढे केला.

"तुझ्या हातचं नको मला," काळी म्हणाली. "माझ्या पोराला मेला म्हणणाऱ्या तोंडाचं मला काही नको. कधी नको."

"बरं," संगिता म्हणाली. तांब्या तिथेच ठेवून ती चुलीकडे गेली आणि ड्रायव्हरसाठी चहा टाकला.